परगावचा सामना

माझे मामा नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात कारकून होते. अंगाने किरकोळ, बोलण्यात मोजके आणि कामात चोख अशी त्यांची ख्याती होती. त्यांना कसलेही व्यसन नव्हते. चहादेखील ते दिवसातून दोनदाच घेत. परंतु हिवाळा सुरू झाला की या शांत गृहस्थाच्या अंगात काही निराळेच वारे शिरे. रणजी करंडकाच्या क्रिकेट-स्पर्धेत महाराष्ट्राचा सामना कोठे आहे, कधी आहे, त्या दिवसांत रजा मिळेल काय, गाडीभाड्याला किती पैसे लागतील, याचा हिशेब ते मनाशी मांडू लागत. मामी हसून म्हणत, "लोक पंढरीला जातात, आमच्या घरचे मैदानाला जातात. वारी ती वारीच!"

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर आजच्या मुलांचा गोंधळ होईल. आपले राज्य एक असले, तरी क्रिकेटमध्ये त्याचे संघ तीन आहेत. मुंबईचा संघ निराळा, नागपूरकडील विदर्भाचा निराळा आणि उरलेल्या जिल्ह्यांचा तो महाराष्ट्राचा संघ. या तिसऱ्या संघाचा कारभार पुण्याहून चालतो, आणि आपले नाशिक त्यातच मोडते. मुंबईने रणजी करंडक 42 वेळा जिंकला आहे. विदर्भानेही तो तीनदा नेला. महाराष्ट्राने मात्र तो दोनदाच जिंकला, तोही लागोपाठच्या दोन वर्षी, 1939-40 आणि 1940-41 मध्ये. त्या वेळी कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा विद्वान वयाच्या पन्नाशीजवळ आलेला असतानाही मैदानावर शतके झळकावीत असे.

मामांनी हे विजय पाहिले नव्हते. ते तेव्हा अगदी लहान होते. त्यांनी पाहिला तो 1949 चा पराभव. पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांची उपान्त्य फेरीची गाठ पडली होती. मुंबईने पहिल्या डावात 651 आणि दुसऱ्यात 8 गडी बाद 714 धावा केल्या. महाराष्ट्राने 407 आणि 604 धावांनी उत्तर दिले. दोन्ही बाजूंच्या मिळून 2376 धावा! प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात कोठेही झाल्या नव्हत्या. मामा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असतील. ते म्हणत, "दुसऱ्या डावात सहाशे धावा करून हरलेला संघ मी पाहिला. तेव्हापासून मी त्यांचा झालो." जिंकणाऱ्याचे होणे सर्वांना सुचते, हरणाऱ्याचे होणे मामांना का सुचले, हे मला त्या वयात कळत नसे.

त्यांच्याजवळ लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती. तिच्यात महाराष्ट्राच्या प्रत्येक सामन्याची नोंद असे. प्रतिस्पर्धी कोण, स्थळ कोणते, निकाल काय, आणि सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना. त्यात दोनच शब्द आलटून पालटून येत : 'प्रत्यक्ष' किंवा 'वर्तमानपत्रावरून'. दुसरा शब्दच अर्थात अधिक वेळा येई. नाशिकचा माणूस पुण्याच्या सामन्याला गेला काय आणि बडोद्याच्या गेला काय, त्याला घर सोडावेच लागे. मामांना सर्वच सामने परगावचे होते.

1971 साली महाराष्ट्राचा संघ अंतिम फेरीला पोहोचला. सामना मुंबईशी, मुंबईतच, ब्रेबोर्न स्टेडियमवर होता. मुंबईने त्याआधी ओळीने बारा वर्षे करंडक आपल्याकडे ठेवला होता. परंतु या वेळी एक मोठे नवल घडले होते. भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता, आणि त्यात मुंबईचे पाच खेळाडू गेले होते : अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड. वाडेकर तर भारताचे कर्णधारच होते. मागे उरलेल्या मुंबईकरांचे नेतृत्व सुधीर नाईक या तरुण खेळाडूकडे आले. "या वेळी नाही, तर केव्हा?" असे मामा दिवसातून दहादा म्हणत. शेवटच्या दोन दिवसांपुरती त्यांना रजा मिळाली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मामांनी मला बरोबर घेतले.

मामींनी दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली होती. पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. इगतपुरीला गाडीचे इंजिन बदलत असे. तेवढ्या वेळात फलाटावर उतरून मामांनी मला गरम वडा घेऊन दिला. पुढे कसाऱ्याचा घाट लागला. बोगदा आला की डब्यात अंधार होई, आणि उजेड आला की मामा पुन्हा वर्तमानपत्रातील धावांचे आकडे वाचीत असलेले दिसत. बोरीबंदरला उतरून आम्ही चर्चगेटच्या दिशेने चालत निघालो. एवढी माणसे, एवढ्या मोटारी मी कधी पाहिल्या नव्हत्या. मामांचा सदरा घट्ट धरून मी मैदानात शिरलो.

आमच्या शेजारी काळी टोपी घातलेले, हातात छत्री असलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्याजवळ चण्यांची पुडी होती. आजूबाजूला सारा मुंबईकरांचा मेळा. पहिला दिवस पाहण्यात आणि बावरण्यात गेला. रात्री गिरगावात एका नातलगाच्या खोलीत आम्ही अंग टाकले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसलो. तेच वृद्ध गृहस्थही तेथे होते.

महाराष्ट्राला जिंकण्यासाठी धावा करावयाच्या होत्या आणि मुंबईला गडी बाद करावयाचे होते. एक गडी बाद झाला, आणि माझ्या चहूकडून असा गजर उठला की माझ्या छातीत धस्स झाले. समुद्राची मोठी लाट अंगावर यावी तसे वाटले. सगळे उभे राहिले होते. मी आणि मामा मात्र बसलेलो. गजर शमला तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे वळून प्रेमाने विचारले, "काय रे बाळ, तू कोणाच्या बाजूचा?"

"मुंबईच्या," मी म्हणालो.

का म्हणालो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. भीती वाटली, हे खरे. पण केवळ भीती नव्हती. एवढी माणसे एका सुरात ओरडत असता त्यांच्यातले एक व्हावे, असेही वाटले. मामांची पेन्सिल क्षणभर थांबली. मग ती पुन्हा वहीवर चालू लागली. ते काही बोलले नाहीत. गृहस्थ प्रसन्न झाले आणि त्यांनी माझ्या ओंजळीत चणे घातले. ते चणे मी खाल्ले.

थोड्या वेळाने त्यांनी मामांनाही विचारले, "आणि आपण?"

"आम्ही महाराष्ट्राचे," मामा म्हणाले. "नाशिकहून आलो."

गृहस्थांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मामांकडे पाहिले. सारे त्यांच्या ध्यानात आले असावे. पण तेही त्यावर अक्षर बोलले नाहीत. "नाशिकहून! एवढ्या उन्हात!" एवढेच म्हणून त्यांनी आपली छत्री सरकवली आणि तिची अर्धी सावली आमच्या डोक्यांवर धरली.

पुढे मोठेपणी मी इंग्लंडातील फुटबॉलविषयी वाचले, तेव्हा मला ही छत्री आठवली. तेथे आपल्या संघाच्या पाठोपाठ गावोगाव हिंडणारे हजारो लोक असतात. परगावच्या मैदानावर त्यांच्यासाठी एक कोपरा राखून ठेवलेला असतो. तेथील सर्वांत वरच्या साखळीत पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना तीन हजारांपर्यंत जागा द्याव्या लागतात, आणि 2016 पासून त्यांच्या तिकिटाची किंमत तीस पौंडांहून अधिक ठेवता येत नाही. दोन्ही पक्षांत भांडणे होऊ नयेत म्हणून ही वेगळी बैठक. त्या कोपऱ्यात बसलेला माणूस आपल्याच माणसांत असतो. तेथे घसा फोडून ओरडावयास फारसे धैर्य लागत नसेल, असे मला आपले वाटते. आपल्याकडे कोल्हापुरात फुटबॉलचे असेच वेड आहे; शाहू स्टेडियमवर तालमीतालमींचे संघ झुंजतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. ब्रेबोर्नवर मात्र आमच्यासाठी कोपरा नव्हता. होती ती अर्धी छत्री.

दुपार कलत गेली तसा महाराष्ट्राचा डावही कलत गेला. मामांच्या बाबतीत एक गोष्ट मी पाहिली. मुंबईच्या गोलंदाजाने सुरेख चेंडू टाकून आमचा गडी बाद केला, तेव्हा मामांनी टाळी वाजवली. चेहरा पडलेला होता. टाळी मात्र खरी होती. टाळी वाजवून त्यांनी तो गडी वहीत टिपला. मी टाळी वाजवली नाही. सकाळी जे बोललो होतो, त्याप्रमाणे ती वाजवावयास हवी होती. पण हात उचलेनात.

मुंबईने सामना 48 धावांनी जिंकला. पाच मोहरे नसतानाही तेराव्या वर्षी करंडक मुंबईतच राहिला. उठताना त्या वृद्ध गृहस्थांनी मामांचा हात हातात घेतला. "तुमची मुले चांगली लढली," ते म्हणाले. माझ्या पाठीवर त्यांनी थोपटले. मी मान वर केली नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. कल्याणनंतर आम्हांला बसावयास जागा मिळाली. मामांनी पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली, आणि दोन्ही माझ्यापुढे धरली. "आज तू लिही."

मी प्रतिस्पर्धी लिहिला, स्थळ लिहिले, आणि निकालाच्या रकान्यात जपून लिहिले : 'मुंबई 48 धावांनी विजयी.' मामांनी ते वाचले. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "अक्षर चांगले आहे. पण ही वही महाराष्ट्राची आहे. 'महाराष्ट्र 48 धावांनी पराभूत' असे लिही."

मी आधीची ओळ खोडली आणि तसे लिहिले. शेवटच्या अरुंद रकान्यात 'प्रत्यक्ष' हा शब्द लिहिताना गाडी घाटात शिरली, बोगद्याचा अंधार झाला, आणि 'क्ष' वाकडा आला. तो अजून तसाच आहे.

त्यानंतर कितीतरी सामन्यांना मी मामांबरोबर गेलो. ते सारे सांगत बसत नाही. परंतु 1993 ची गोष्ट सांगावयास हवी. बावीस वर्षांनी महाराष्ट्र पुन्हा अंतिम सामना खेळणार होता, आणि तो थेट पंजाबात, लुधियानाला. मामा सेवानिवृत्त झाले होते. गुडघे दुखत होते. मी शाळेत शिक्षक होतो. मामींनी त्यांना खूप समजावले; परंतु ते ऐकेनात, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तू जा रे त्यांच्याबरोबर." मनमाडहून झेलम एक्सप्रेसने आम्ही निघालो. इगतपुरीचा वडा नाही, कसाऱ्याचा बोगदा नाही. खिडकीबाहेर मैलोगणती गव्हाची शेते. देवधर तेव्हा हयात होते; वयाची शंभरी त्यांनी ओलांडली होती. "त्यांच्या डोळ्यांदेखत करंडक परत यावा," असे मामा वाटेत एकदाच म्हणाले.

लुधियानाच्या मैदानावर आमच्याभोवती उंचेपुरे, पगडी बांधलेले शेतकरी बसले होते. मराठीचा एक शब्द कानांवर येत नव्हता. शेजारच्या सरदारजींनी ऊस सोलून आमच्या हातांवर ठेवला आणि विचारले, "आप किसकी तरफ से?"

"महाराष्ट्र," मी म्हणालो. ज्या आवाजात वर्गात हजेरी घेतो, त्या आवाजात म्हणालो. चार रांगा वळून पाहू लागल्या. सरदारजी मोठ्याने हसले, आणि एवढ्या लांबून आलो म्हणून त्यांनी आणखी एक कांडे पुढे केले. मामा वहीत काही टिपत होते. त्यांनी ऐकले की नाही, ते मी विचारले नाही.

पंजाबने तो सामना 120 धावांनी जिंकला. रणजी करंडक त्यांनी प्रथमच मिळवला होता. त्यांचा आनंद पाहण्यासारखा होता, आणि मामांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत त्यांचा हात कापत होता, म्हणून निकाल मीच लिहिला. कसा लिहावयाचा, ते सांगावे लागले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देवधर वारले.

ती लाल वही आता माझ्या कपाटात आहे. तिची शेवटची काही पाने कोरी होती. पुढे नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजी करंडकाचे सामने होऊ लागले. पहिल्यांदा गेलो तेव्हा वही बरोबर नेली होती. घरापासून मैदानापर्यंत मी चालत गेलो. वीस मिनिटे लागली. बाकावर बसून मी रकाने आखले, प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहिले, आणि 'स्थळ' या रकान्यात 'नाशिक' असे लिहिले. मामांच्या सबंध वहीत तो शब्द त्या रकान्यात कोठेही नव्हता.