सराव किती, हे शरीराला विचारा

लांब पल्ल्याचं धावणारी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडे सरावाला येतात. त्यांच्यासोबत इतकी वर्षं मैदानावर काढल्यावर ज्या गोष्टी पक्क्या पटल्या, त्या लिहिते आहे.

१. शरीर ताणात भेद करत नाही. ८०० मीटरचे रिपीट, बारावीची परीक्षा, घरातली भांडणं, रात्रपाळी, कशानेही कॉर्टिसॉल वाढतं. वाढण्यात वाईट काही नाही, त्याच्या मदतीनेच रक्तात साखर उपलब्ध होते. सावरायला सवड मिळाली नाही, की बिघडतं. म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी किलोमीटर कमी करते. पालकांना नवल वाटतं, मुलांना नाही.

२. वही ठेवा. कार्ल फॉस्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाची रीत सोपी आहे. सराव किती जड गेला याला ० ते १० मधला अंक द्यायचा आणि मिनिटांनी गुणायचं. सावकाश ६० मिनिटांना ४ दिले तर २४०, जोरकस ४० मिनिटांना ८ दिले तर ३२०. शेजारी झोप आणि उठल्याउठल्या मोजलेली नाडी. एका मुलीच्या वहीत सराव तोच होता, पण अंक ४ वरून ७ वर गेला आणि नाडी ५४ वरून ६३ वर. टायमिंग अजून बिघडलं नव्हतं. तिला लगेच नुसतं चालायला लावलं. पुढच्याच आठवड्यात अंक खाली आला.

३. पाळी थांबणं ही तयारीची खूण नव्हे. हे मी प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईलाही सांगते. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं, की मेंदू बीजकोशांना जाणारे संदेश कमी करतो. इस्ट्रोजेन उतरतं, हाडं कमकुवत होतात आणि नडगीचं दुखणं तपासायला गेल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर निघतं. मुलांमध्येही टेस्टोस्टेरॉन घसरतं; चिडचिड वाढते, सरावाची इच्छा मरते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं, ते स्त्री-पुरुष दोघांसाठी. तरीही मैदानावर ‘वजन उतरलं, छान!’ अशी शाबासकी मिळते, याचा मला राग येतो. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचंच. आणि सराव संपल्यावर उपाशी घरी जायचं नाही. अंडी, केळी, शेंगदाणे, जे असेल ते तिथेच खायचं.

४. एका रक्ततपासणीवर निकाल देऊ नका. कॉर्टिसॉल सकाळी जास्त, रात्री कमी असतं. वही जे सांगते, ते एकटा रिपोर्ट सांगत नाही.

५. विश्रांती हाही सरावच. १९५४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर ४४० यार्डांच्या रिपीटमध्ये ६१ सेकंदांवर अडकला होता. तो मित्रासोबत स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला. परतल्यावर ५९ सेकंद लागले! ६ मे रोजी ऑक्सफर्डला त्याने ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला. त्या शर्यतीआधीचे पाच दिवसही त्याने विश्रांतीच घेतली होती.

६. भरतीच्या मुलांनो, मैदानी चाचणीच्या आदल्या आठवड्यात रोज १६०० मीटर जीव तोडून पळून टायमिंग बघू नका. त्या आठवड्यात नवी ताकद येत नाही, असलेली मात्र जाते. थोडं पळा, पोटभर जेवा आणि लवकर झोपा.