विकास आराखड्यावर वस्तीचं म्हणणं कसं नोंदवावं?

महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीसेक वर्षांत आपल्या दारापुढचा रस्ता किती रुंद होणार, मैदान राहणार की जाणार, याचा नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार त्यावर हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. हा हक्क खरा आहे. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा 2015 मध्ये हरकतींचा पाऊस पडल्यावर दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला होता. मात्र हरकत नेमकी हवी आणि ती साऱ्या वस्तीची हवी.

लागणारं साहित्य : आपल्या भागाचा रंगीत नकाशा (मोठ्या आकारात छापलेला), रंगखुणांची मराठी यादी, वही, चार-पाच कार्यकर्ते.

कृती

1. तारीख पक्की करा. राजपत्रातली आणि वर्तमानपत्रातली सूचना मिळवा. शेवटच्या तारखेपासून मागे मोजत कामं वाटून घ्या. अखेरचा आठवडा टंकलेखन आणि अर्ज दाखल करणं यांसाठी राखून ठेवा.

2. नकाशा ओळखीचा करा. देऊळ, शाळा, पिठाची गिरणी, रिक्षा स्टँड अशा खुणा पेनानं लिहा. आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तपासा. आज जे उभं आहे तेच चुकीचं दाखवलं असेल, तर पुढचं नियोजनही चुकतं.

3. लोकांच्या वेळेला लोकांकडे जा. सोसायटीच्या सभेला बहुतेक घरमालकच येतात. भाडेकरू, घरकाम करणाऱ्या बायका, भाजीवाले, व्हीलचेअर वापरणारे यांना गाठायचं तर सकाळी दूध केंद्रावर, दुपारी शाळेच्या फाटकाशी, संध्याकाळी बसथांब्यावर नकाशा घेऊन उभं राहावं लागतं. सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्या.

4. तीनच प्रश्न विचारा. या जागी आज काय आहे? आराखड्याप्रमाणे झालं तर तुमचं काय बदलेल? त्याऐवजी काय हवं? ‘रस्ता हवा ना?’ असं विचारलं की उत्तर आपणच दिल्यासारखं होतं. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. नाव लिहायचं तर आधी विचारा.

5. जागेनुसार वर्गवारी करा. एका जागेबद्दलचं सगळं एकत्र आणा. खड्डे, कचरा, नळाच्या तक्रारी वेगळ्या काढून प्रभाग कार्यालयात द्या. आराखड्याच्या हरकतीत त्या वाया जातात. मतभेद झाकू नका. मंडईच्या आरक्षणावर दोन मतं असतील तर दोन्ही दाखल होऊ द्या.

6. एका जागेची एक हरकत लिहा. तिच्यात सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आराखड्यातला प्रस्ताव, त्याचा परिणाम आणि पर्याय, या चार गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ : ‘सर्व्हे क्र. अमुक येथे वाहनतळाचं आरक्षण आहे. आज परिसरातली मुलं इथेच खेळतात. जवळ दुसरं मैदान नाही. आरक्षण बदलून क्रीडांगण करावं.’ सोबत फोटो आणि नकाशाचा तुकडा जोडा. शेवटी ‘सुनावणीची संधी मिळावी’ ही ओळ लिहा.

7. पोच घ्या. दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. सामूहिक अर्जाबरोबरच ज्याचं घर किंवा दुकान बाधित होतं त्याचा स्वतंत्र अर्जही द्या.

8. सुनावणीची तयारी करा. कलम 28 प्रमाणे नियोजन समिती म्हणणं ऐकते. वेळ थोडा मिळतो, म्हणून पहिल्याच वाक्यात मागणी सांगा. ज्याला झळ बसते त्यालाच बोलू द्या.

9. निकाल वस्तीत लावा. काय मान्य झालं, काय नाही, हे फलकावर लिहा. शासनानं मंजुरीच्या वेळी मोठे बदल सुचवले, तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. पोचपावत्या आणि वह्या तोवर जपून ठेवा. आपण दिलेल्या माहितीचं पुढे काय झालं हे ज्यांना कळलं, तेच लोक त्या वेळी पुन्हा सोबत येतात.