लेहमधले पहिले दोन दिवस

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. वसईच्या किनारपट्टीवरचे माणिकपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर. मध्यरात्री घर सोडून पहाटेचे विमान पकडले, की माणिकपूरचे कुटुंब त्याच दिवशी दुपारपूर्वी लेहमध्ये असते. शरीराला मात्र एवढ्या उंचीशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. म्हणूनच लडाखच्या ग्रुप टूरमध्ये सुरुवातीचे दिवस विश्रांतीसाठी मोकळे ठेवतात. पैसे भरूनही वाया गेलेले दिवस म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. पुढची सगळी सहल त्यांच्याच जोरावर पार पडते.

महाराष्ट्रातल्या डोंगरांचा अनुभव येथे कामी येत नाही. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो आणि राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. मे महिन्याच्या सुट्टीत अनेकजण जातात ती शिमला आणि मनाली ही ठिकाणेही या मर्यादेच्या खालीच आहेत. त्यामुळे तिथे मुले-म्हातारी मजेत हिंडली, तर लेहलाही हिंडतील, हा हिशेब चुकतो. रोजच्या व्यायामाने किंवा ट्रेकिंगच्या सवयीनेही संरक्षण मिळत नाही. उलट तरुण आणि दणकट माणसे पहिल्याच दिवशी जास्त धावपळ करतात आणि आजारी पडतात.

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब कमी होतो. लेहमध्ये तो समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर श्वास जलद करून ही तूट भरून काढू लागते. त्यामुळे रक्तातली आम्लता बदलते आणि ती सावरण्याचे काम मूत्रपिंडे करतात. हे काम दिवसांच्या गतीने चालते, त्याला घाई करता येत नाही. १९६२च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले जवान तातडीने उंचावर पाठवावे लागले आणि अनेकांना उंचीचा आजार झाला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरचा तो पायाभूत अभ्यास मानला जातो. आजही लेहच्या उंचीवर आलेल्या जवानांना लष्कर आधी सहा दिवस जुळवून घ्यायला देते आणि त्यांतले पहिले दोन दिवस विश्रांतीचे असतात. धडधाकट जवानांना जे लागते, ते सहलीला आलेल्या कुटुंबालाही लागतेच.

काळजीची सुरुवात बुकिंगपासून होते. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे, ते विचारून घ्यावे. श्रीनगरहून रस्त्याने गेल्यास कारगिलचा मुक्काम सुमारे २,७०० मीटरवर होतो आणि चढ टप्प्याटप्प्याने मिळतो. मनालीहून जाताना सरचूला मुक्काम केला, तर ती रात्र ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर, म्हणजे लेहपेक्षाही वर काढावी लागते. थेट विमानाने जायचे असेल, तर लेहमध्ये किमान पूर्ण ४८ तास ठेवणारीच सहल निवडावी. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. तो असलेल्यांना, आणि केवळ वाहक असलेल्यांनाही, उंचीवर धोका संभवतो. अ‍ॅसिटाझोलामाइड या गोळीने शरीर लवकर जुळवून घेते. ती सहसा निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय घेऊ नये.

लेहची विमाने बहुधा सकाळीच उतरतात, कारण दुपारी तेथे वारे वाढतात. त्यामुळे वसईकरांची आदली रात्र विमानतळाच्या वाटेवर जाते आणि माणूस लेहला पोचतो तोच जागरणाने थकलेला. पहिल्या दिवशी खोलीवर जाऊन झोपावे, जिने सावकाश चढावेत, सामान दुसऱ्याकडून उचलून घ्यावे. जेवण वरण-भातासारखे हलके असावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, बळेबळे नको. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी रात्रीचा श्वास मंदावतो. दुसऱ्या दिवशी अंगणात किंवा बाजारात सपाटीवर थोडे फिरणे पुरे. बरे वाटत असल्यास तिसऱ्या दिवशी निम्मूजवळचा सिंधू-झंस्कार संगम पाहावा, कारण ती जागा लेहपेक्षा खाली आहे.

माणिकपूरच्या एका कुटुंबाच्या अनुभवातून हे नीट समजते. आजी, आई-वडील आणि कॉलेजात शिकणारा मुलगा एका ग्रुपबरोबर लेहला पोचले. आजी दिवसभर पडून राहिल्या. मुलाला दुपारी काहीच जाणवत नव्हते, म्हणून तो ग्रुपमधल्या काहीजणांबरोबर शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून आला. संध्याकाळी त्याचे डोके ठणकू लागले, जेवण नकोसे झाले आणि रात्री उलट्या झाल्या. सकाळी रुग्णालयात त्याला ऑक्सिजन दिला आणि आणखी उंचावर न जाण्यास सांगितले. ग्रुप खारदुंग ला खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्याकडे निघाला, पण कुटुंबाने लेहमध्येच राहायचे ठरवले. पॉप्लरच्या सावलीत बसणे, वेळेवर जेवणे, संध्याकाळी चार पावले चालणे, एवढाच दिनक्रम राहिला. मुलगा बरा झाला, आणि सहलीतला सर्वांत निवांत वेळ याच मुक्कामात मिळाला असे घरच्यांचे मत झाले. आजींना शेवटपर्यंत त्रास झाला नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, थकवा, चक्कर ही सुरुवातीची लक्षणे. ती बहुधा पोचल्यानंतर सहा ते चोवीस तासांत दिसतात. लहान मूल सांगू शकत नाही. ते किरकिर करते, खेळत नाही, खात नाही. लक्षण असेपर्यंत वर जायचे नाही, हा पहिला नियम. वेदनाशामक गोळीने डोके उतरले म्हणजे पुढे जाण्याची मुभा मिळाली, असे समजू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नव्वदच्या खालचा आकडा तिथे नवलाचा नाही. आकड्यापेक्षा माणूस कसा आहे, ते पाहावे. बसल्याजागी धाप लागणे, सतत खोकला, असंबद्ध बडबडणे, किंवा टाचेला दुसऱ्या पायाचे बोट टेकवत सरळ रेषेत चालता न येणे, ही जिवावरची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन देऊन रुग्णाला रुग्णालयात न्यावे आणि खाली उतरवावे. हातातला छोटा कॅन काही मिनिटेच पुरतो, त्यावर विसंबू नये.

ग्रुपमध्ये त्रास लपवण्याकडे कल असतो, कारण आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको, असे वाटते. हा भिडस्तपणा घातक आहे. रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाची चौकशी करावी आणि काही वेगळे वाटल्यास टूर मॅनेजरला लगेच सांगावे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून निदान एक पोस्टपेड फोन बरोबर असावा.

पुढच्या मुक्कामांचा क्रमही उंची पाहूनच ठरवावा. ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत फोटोपुरतेच थांबून पुढे निघावे. पलीकडचे नुब्रा खोरे लेहपेक्षा खाली असल्याने तिथे झोप चांगली लागते. पँगाँग तलावाचा काठ ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तो मुक्काम शेवटी आणि एकाच रात्रीचा ठेवावा. घरात कोणाला आधी त्रास झाला असेल, तर तलाव दिवसा पाहून लेहला परतावे किंवा तो बेत सोडून द्यावा.