आजाऱ्याने उपास धरावा काय?

पाठाकरिता वाचावे : प्रेषितांची कृत्ये २७:२१–३८, मार्क २:१–५, यशया ५८:६–७.

म्हसावदापासून तोरणमाळच्या पायथ्यापर्यंतच्या आमच्या मंडळ्यांत कोणी आजारी पडले म्हणजे उपास धरून प्रार्थना करण्याची चाल आहे. ती चाल चांगली आहे, आणि तिच्याविरुद्ध आम्ही येथे लिहीत नाही. परंतु आता तोंडाचा, स्तनाचा अगर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेली माणसे किमोथेरपी हा औषधोपचार घेऊन गावी परत येतात, व उपदेशकाला विचारतात की, आम्ही स्वतः उपास धरावा काय? या प्रश्नाचे उत्तर चुकले तर ते आजाऱ्याच्या जिवावर बेतते.

पौलाला रोमेस नेणारे तारू वादळात सापडले, तेव्हा त्यावर २७६ माणसे होती व त्यांनी चौदा दिवस धड अन्न घेतले नव्हते. पौल हा उपास जाणणारा मनुष्य होता; अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करूनच त्याला कामगिरीवर धाडले होते (कृत्ये १३:३). शिवाय तारवावरील एकाचाही जीव जाणार नाही, असे वचन त्याला आधीच मिळाले होते. असे असता त्याने त्या पहाटे आणखी एक दिवस उपाशी राहण्यास सांगितले काय? नाही. त्याने सर्वांस अन्न घेण्याची विनंती केली, यातच तुमचा बचाव आहे असे कारण दिले, आणि सर्वांच्या देखत देवाचे आभार मानून स्वतः भाकर खाल्ली. थोड्याच वेळाने त्या लोकांना पाण्यात उडी टाकून किनारा गाठावयाचा होता. वचन मिळाले म्हणून भाकरीची गरज सरली नाही, ही गोष्ट उपदेशकांनी नीट ध्यानात घ्यावी.

किमोथेरपी घेणाऱ्याची स्थिती त्या तारवावरील माणसासारखीच असते. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कर्करोगाच्या पेशी तशा आहेत. पण हाडांतील रक्त बनविणारा मगज, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे यांच्या पेशीही तशाच. म्हणून तोंड येते, ओकाऱ्या होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, आणि ते पुष्कळदा २१ असतात, शरीर ही मोडतोड दुरुस्त करीत असते. त्या दुरुस्तीचा माल अन्नातूनच यावयाचा. वजन घटले व अशक्तपणा वाढला तर डाक्टरांना पुढची फेरी लांबवावी लागते किंवा औषध कमी करावे लागते.

येथे कोणी म्हणेल की, कर्करोग साखरेवर जगतो, सबब आजाऱ्याला उपाशी ठेवले तर रोगच उपाशी मरेल. हा समज निराधार जन्मला नाही. कर्करोगाच्या पेशी पुष्कळ साखर वापरतात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखविले होते. परंतु साखर शरीरातील सर्वच पेशींना लागते, आणि अन्न बंद केले की शरीर आपले मांस मोडून ती तयार करते. रोग उपाशी राहत नाही. दंडाचे व मांड्यांचे मांस मात्र जाते.

उपासावर शास्त्रज्ञांचे प्रयोगही चालू आहेत. अमेरिकेत वाल्टर लाँगो व त्यांच्या सोबत्यांनी २००८ साली उंदरांवर दाखविले की, थोडा काळ उपाशी ठेवलेल्या उंदरांना हे औषध अधिक सोसते. पुढे नेदरलँडमध्ये स्तनाचा कर्करोग असलेल्या १३१ स्त्रियांवर उपासासारख्या अल्प आहाराची परीक्षा झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. रोगावरील परिणामाबाबत काही आशादायक चिन्हे दिसली. पण औषधाचे तीव्र त्रास कमी झाले नाहीत, आणि तो आहार सर्व फेऱ्यांत पाळणे फार थोड्यांना जमले. त्या स्त्रिया डाक्टरांच्या नजरेखाली होत्या. आमच्याकडील आजारी बहुधा आधीच हाडकुळा झालेला असतो. त्याने त्यांचे अनुकरण करू नये.

निर्जळी उपास तर मुळीच नको. तोंडाच्या व गळ्याच्या कर्करोगावर पुष्कळदा सिस्प्लाटिन नावाचे औषध देतात. ते मूत्रपिंडांस बाधक आहे, म्हणून शिरेतून भरपूर पाणी चढवितात व घरीही पाणी पीत राहण्यास सांगतात. अशा वेळी जो पाणी सोडील त्याची मूत्रपिंडे निकामी होण्याचे भय आहे. त्याचप्रमाणे केपसायटाबीनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यावयाच्या असतात. जेवणच नसेल तर त्या कशा घ्याव्या?

मग खावे काय? ५० किलो वजनाच्या माणसास दिवसाला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२, व तेवढ्याच शेंगदाण्यांत २५. एकदम ताटभर जात नसेल तर दोन-दोन तासांनी थोडे द्यावे. नंदुरबारची मिरची जगात नाव मिळवो, आलेल्या तोंडाला ती विस्तव आहे. मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर, निवलेली पेज द्यावी. शहाद्याकडची पपई चालेल, पण ती अख्खी आणून, धुऊन, घरी सोलावी. बाजारातली कापलेली नको. दूध उकळलेले, अंडे व मटण पुरते शिजलेले असावे. शिळे देऊ नये. कोणी काढा किंवा जडीबुटी दिली तर डाक्टरांना दाखविल्यावाचून घेऊ नये. आजाऱ्याला मधुमेह असल्यास आहाराविषयी त्यांसच विचारावे.

चाळीस दिवसांच्या उपासकाळात आपण मागे राहिलो असे पुष्कळ आजाऱ्यांस वाटते. त्यांना आमचे सांगणे इतकेच की, तंबाखू व मिसरी सोडा. तो उपास तुम्हांस डाक्टरही सांगतील. अन्नाचा उपास निरोग्यांनी धरावा. पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले, आणि प्रभूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. मंडळीने तसेच करावे, आणि उपासाच्या दिवशी प्रत्येक घरी वाचलेले पीठ, डाळ व अंडी आजाऱ्याच्या घरी पोहोचवावी. मुंबईस परळ येथील, १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याबरोबर जो सोबती जातो, त्याच्या शिदोरीचीही तजवीज करावी.

आणखी एक गोष्ट उपदेशकांनी प्रत्येक अशा घरी सांगून ठेवावी. औषध घेतल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत ताप १००.४ अंशांवर गेला तर प्रार्थनेसाठी सकाळची वाट पाहू नये, तापाची गोळी देऊन निजवूही नये. उपचाराचे कागद बरोबर घेऊन त्याच रात्री आजाऱ्याला रुग्णालयात न्यावे, आणि औषध कोणत्या तारखेस घेतले ते दारातच सांगावे. प्रार्थना गाडीत करावी.