नळाचे पाणी आणि नदीकाठचे शेत

रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यातील पाली हे गाव श्रीबल्लाळेश्वराचे स्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. एका बाजूस सरसगडचा कातळ आणि दुसऱ्या बाजूस आंबा नदी अशा बेचक्यात ते वसलेले आहे. गावाचे पिण्याचे पाणी याच नदीचे. आषाढात भाताची लावणी ऐन रंगात येते, त्याच वेळी पालीच्या घराघरांत हंड्याच्या तळाशी तांबूस गाळ साचलेला दिसू लागतो. नदीतून उपसलेले पाणी गाळण्याची पुरेशी सोय नसल्याने नळास गढूळ पाणी येते, ही पालीकरांची तक्रार बरीच वर्षे चालत आलेली आहे. ग्रामपंचायतीच्या काळात ती होती आणि पुढे नगरपंचायत झाल्यावरही शुद्ध पाण्याची मागणी होतच राहिली.

नळाचे पाणी हा विषय शेतीपत्रिकेत का, असा प्रश्न काही वाचकांस पडणे शक्य आहे. त्याचे उत्तर नदीच्या वाटेतच आहे. गावाच्या नळातून जे पाणी येते, ते त्यापूर्वी कोणाच्या तरी बांधावरून, उकिरड्यावरून आणि गुरांच्या पाणवठ्यावरून आलेले असते.

पाण्याची वाट

आंबा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि जांभूळपाडा, पाली व नागोठणे या गावांजवळून वाहत धरमतरच्या खाडीस मिळते. या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. नदीचे बळ केवढे असते हे जांभूळपाड्याने जुलै १९८९ मधील महापुरात अनुभवले आहे. असा पाऊस उघड्या डोंगरउतारावर पडला म्हणजे माती वाहून नदीत येते. मातीबरोबर गुरांचे शेण, माणसांची विष्ठा, कुजलेला पाला आणि शेतात टाकलेल्या औषधांचा अंशही येतो.

उन्हाळ्यात चित्र पालटते. प्रवाह बारीक होतो, डोह तेवढे उरतात व पाणी नितळ दिसते. परंतु याच दिवसांत त्याच डोहांवर कपडे धुतले जातात, गुरे बसतात आणि वस्तीचे सांडपाणी येऊन मिळते. पाणी कमी म्हणजे मिसळलेली घाण विरळ होण्यास वाव कमी. यास्तव नितळ पाणी शुद्धच असते हा समज सोडून दिला पाहिजे. रोगजंतू डोळ्यांस दिसत नाहीत; त्यांस रंग नाही, वास नाही व चवही नाही.

गढूळपणाचा खरा धोका

गाळ स्वतः फारसा विषारी नसतो. मात्र त्याच्या कणांच्या आडोशास जंतू सुरक्षित राहतात. शिवाय पाण्यातील सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. त्यामुळे गढूळ पाण्यात टी.सी.एल. पावडर कितीही टाकली, तरी जंतू मारण्यास आवश्यक तेवढे क्लोरीन शिल्लक राहीलच असे नाही. या कारणास्तव पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००, सन २०१२) गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एकक व दुसरा स्रोत नसल्यास सहन करण्याजोगी मर्यादा ५ एकके ठेवली आहे. विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये, असा दंडक आहे.

अशुद्ध पाण्यातून अतिसार, कॉलरा, विषमज्वर, आमांश व कावीळ हे रोग पसरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे २०१२ साली नळाच्या दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. ही ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर स्त्रियांस विशेष घातक ठरते. अतिसाराचा पहिला बळी सामान्यतः तान्हे मूल असते. लावणीच्या दिवसांत आई शेतात व मूल बांधावर असे असताना दुखणे ओळखण्यास उशीर होतो, ही गोष्ट शेतकरी कुटुंबांनी ध्यानात ठेवावी.

एका नदीकाठच्या दोन शहरांची कथा

गाळणीचे महत्त्व किती, हे जर्मनीतील एका घटनेवरून स्पष्ट होते. एल्ब नदीकाठी हँबुर्ग व आल्टोना ही शहरे अगदी लागून वसलेली होती. हँबुर्ग नदीचे पाणी न गाळता नळास सोडीत असे. आल्टोना हँबुर्गच्या खालच्या अंगास, म्हणजे हँबुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेत असे. परंतु ते वाळूच्या गाळणीतून गाळून घेत असे. १८९२ च्या ऑगस्टमध्ये कॉलऱ्याची साथ आली. हँबुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली, तर आल्टोनास त्या मानाने फारच थोडी झळ लागली. जेथे दोन्ही शहरांची हद्द एकाच रस्त्यावरून जात होती, तेथे रोगही त्या हद्दीशी थबकलेला दिसला. कॉलऱ्याच्या जंतूचा शोध लावणारे रॉबर्ट कॉख यांनी या घटनेचा अभ्यास केला. १८९३ साली हँबुर्गनेही गाळणी सुरू केली.

वरच्या अंगाचे पाणी म्हणजे चांगले पाणी एवढ्यावर विसंबून भागत नाही, हा या घटनेचा बोध होय. नदीचे पाणी कोठूनही घेतले, तरी गाळणी हवीच.

शुद्धीकरणाच्या पायऱ्या

नदीच्या पाण्याच्या शुद्धीकरणात तीन पायऱ्या असतात आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही.

पहिली पायरी निवळणीची. पाण्यात तुरटीचे द्रावण मिसळून ते सावकाश ढवळले असता बारीक कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात व तळाशी बसतात. गढूळपणाप्रमाणे एका लिटरास साधारण ५ ते ४० मिलिग्रॅम तुरटी लागते. आपल्याकडे निवळीची बी घासून पाणी निवळण्याची जी जुनी रीत आहे, तिचे तत्त्व हेच.

दुसरी पायरी गाळणीची. निवळलेले पाणी वाळूच्या थरातून सोडतात. मंद गाळणीत वाळूच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा एक पातळ थर तयार होतो व तोच मुख्य काम करतो. तिला जागा पुष्कळ लागते, परंतु यंत्रसामग्री थोडी पुरते. तथापि पाणी फार गढूळ असल्यास ती लवकर तुंबते, म्हणून निवळणी अगोदर. जलद गाळणीस जागा कमी लागते. मात्र तिची वाळू वेळोवेळी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते.

तिसरी पायरी जंतुनाशनाची. क्लोरीन मिसळल्यावर निदान अर्धा तास थांबावे लागते. मानकाप्रमाणे शेवटच्या घराच्या नळाशी एका लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. हे शिल्लक क्लोरीन वाटेत होणाऱ्या दूषिततेपासून काही प्रमाणात रक्षण करते. म्हणून पाण्यास क्लोरीनचा किंचित वास आला तर तक्रार करू नये. साथीच्या दिवसांत तो मुळीच न आला, तर मात्र चौकशी करावी.

वाहिनीतील चोरवाट

टाकीतून शुद्ध निघालेले पाणी नळापर्यंत शुद्ध पोहोचेलच असे नाही. लहान गावांत पाणी दिवसातून ठराविक वेळ सुटते. पाणी बंद झाले म्हणजे वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळास थेट विद्युतपंप जोडून पाणी ओढल्यानेही हाच दोष उत्पन्न होतो. त्यामुळे शेजाऱ्याचे पाणी तुटते व सर्वांच्या वाहिनीत घाण येते. वाहिनी गटारातून नेऊ नये, गळती दिसताच कळवावी व नळ सुटल्यावर आरंभीचे थोडे पाणी पिण्यास न घेता झाडांस घालावे.

घरात काय करावे

गावाची योजना पूर्ण होईपर्यंत किंवा तिच्यात बिघाड असेल तेव्हा घरात पुढील क्रम पाळावा.

१. गढूळ पाणी मोठ्या भांड्यात घेऊन त्यात तुरटीचा स्वच्छ खडा दोन-तीन वेळा फिरवावा. काही तास न हलवता ठेवून वरचे नितळ पाणी अलगद काढावे.

२. ते स्वच्छ सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे. कापड रोज धुऊन उन्हात वाळवावे.

३. गाळलेले पाणी खदखदून उकळावे. चांगली उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे होते. ते त्याच भांड्यात झाकून थंड करावे. जळण परवडत नसल्यास आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळी वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे.

४. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे. शुद्ध केलेल्या माठात हात बुडाल्यास सर्व श्रम व्यर्थ जातात.

क्षार काढून टाकणारी महागडी यंत्रे सह्याद्रीतील नद्यांच्या पाण्यास बहुधा अनावश्यक असतात, कारण हे पाणी सर्वसाधारणपणे मृदू असते; येथे शत्रू गाळ व जंतू हे आहेत.

मुलास जुलाब लागल्यास आरोग्य केंद्रातील जलसंजीवनी त्वरित द्यावी. ती जवळ नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाल्यास किंवा पाणी पिईनासे झाल्यास वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे.

विहिरीचे शुद्धीकरण

वाड्यावस्त्यांवर अजूनही विहिरीचे पाणी वापरात आहे. विहिरीतील पाणी मोजण्याची रीत सोपी आहे. व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून त्यास ४ ने भागावे व आलेल्या संख्येस १,००० ने गुणावे. मापे मीटरमध्ये घेतली असता उत्तर लिटरमध्ये येते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते ३७,६८० लिटर होते. चांगल्या प्रतीची टी.सी.एल. पावडर १,००० लिटरास २.५ ग्रॅम या प्रमाणात लागते. म्हणजे या विहिरीस सुमारे ९५ ग्रॅम.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरून ढवळावी. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. तो टाकून द्यावा आणि वरचे पाणी विहिरीत सोडून चांगले मिसळावे. त्यानंतर एक तास पाणी भरू नये. हे काम रात्री केल्यास गैरसोय होत नाही. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, परंतु कोकणच्या दमट हवेत ते झपाट्याने उडून जाते. म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. जुन्या पावडरीवर विसंबू नये.

शेतकऱ्याचा वाटा

नदीचे पाणी बिघडू न देणे हे शुद्धीकरणापेक्षा स्वस्त काम आहे, आणि ते बहुतांशी शेतकऱ्याच्या हाती आहे.

उकिरडा ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ नसावा. शेणखत खड्ड्यात कुजवून पावसात झाकून ठेवल्यास पाणीही वाचते व खताचा कसही टिकतो. वाहून गेलेले काळे पाणी म्हणजे वाहून गेलेले नत्रच होय. हेच नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बालकांस घातक असते आणि उकळल्याने ते कमी होत नाही. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा.

भातास युरियाचा हप्ता देताना खाचरातील पाणी बेताचे ठेवून बांध बंद करावेत व मुसळधार पावसाची चिन्हे असता खत देणे पुढे ढकलावे. खोडकिड्यासाठी वापरलेला फवारणी पंप नदीत किंवा ओढ्यात कदापि धुऊ नये. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पाण्यात फेकू नयेत. डोहात विषारी द्रव्य टाकून मासे मारण्याचा प्रकार तर सर्वांनी मिळून थांबविला पाहिजे. ते विष खालच्या गावाच्या हंड्यात उतरते. काठावर वाळा, बांबू, करंज यांची लागवड ठेवल्यास माती धरली जाते व पूर ओसरताना शेताचा कडा ढासळत नाही.

पाण्याची परीक्षा

शिल्लक क्लोरीन आहे की नाही हे साध्या परीक्षेने कळते. ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाल्यास क्लोरीन आहे असे समजावे. परीक्षेचे पाणी फेकून द्यावे, पिऊ नये. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच नमुना घ्यावा. नळ दोन मिनिटे वाहू द्यावा, बाटलीच्या तोंडास बोट लावू नये व नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. पहिला मोठा पाऊस झाल्यावर तसेच भाद्रपद व माघातील उत्सवांपूर्वी तपासणी करून घेणे विशेष अगत्याचे आहे. कारण त्या दिवसांत दूरदूरचे यात्रेकरू हेच पाणी पितात.

पालीच्या खाली नागोठणे आहे, नागोठण्याच्या खाली खाडीकाठची गावे आहेत. प्रत्येक गाव कोणाच्या तरी वरच्या अंगास असते. वरच्याने पाणी राखावे, खालच्याने ते गाळून घ्यावे आणि आपल्या खालच्यासाठी पुन्हा राखावे, हा नदीकाठच्या वस्तीचा धर्म आहे. येत्या पावसापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने आपला उकिरडा ओढ्यापासून हलविला व फवारणी पंप शेतातच धुण्याचा नेम केला, तर त्याचा लाभ त्याच्या स्वतःच्या हंड्यापासून सुरू होईल.