मासिक पाळीतील पोटदुखी : सोसणे हा उपाय नव्हे

ज्या विषयावर घरात मोठ्याने बोलले जात नाही, त्याविषयीचे अज्ञान घरात सर्वांत अधिक काळ टिकते. मासिक पाळी हा असाच एक विषय होय. "कावळा शिवला", "बाहेरची आहे", "अडचण आहे" अशा आडवळणाच्या शब्दांनी आपण तो झाकून ठेवतो आणि त्या शब्दांआड एक खरेखुरे दुखणेही झाकले जाते. ही स्मरणिका आजोबांपासून नातीपर्यंत घरातील सर्वांच्या हाती जाणार आहे. म्हणूनच पाळीच्या वेळी होणाऱ्या पोटदुखीचा विचार येथे सरळ शब्दांत करावयाचा आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन आपला पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके कापसाचे आणि संत्र्याचे. दिवाळीच्या सुमारास वेचणी ऐन भरात येते, त्याच सुमारास आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतात, आणि या दोन्ही कामांत बायांचा हात मोठा असतो. दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या बाईचे ओटीपोट दुखू लागले तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात : रोज बुडवून घरी बसावे, नाही तर दात ओठ खाऊन काम रेटावे. शाळेतल्या मुलीचेही तेच. दर महिन्याला दोन दिवस शाळा चुकली, तर वर्षाकाठी वीसेक दिवस सहज जातात. त्या दिवसांत शिकवलेले गणित पुन्हा कोणी शिकवीत नाही. तेव्हा हा प्रश्न नुसत्या दुखण्याचा नाही. शिक्षणाचा आणि मजुरीचाही आहे.

दुखणे कशाने होते?

गर्भाशय हा मुख्यतः स्नायूंचा बनलेला, मुठीएवढा अवयव आहे. दर महिन्याला त्याच्या आतल्या बाजूला एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही म्हणजे ते अस्तर सुटते आणि रक्तावाटे बाहेर पडते. ते बाहेर लोटण्यासाठी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. हे आकुंचन घडवून आणणारे द्रव्य त्या अस्तरातच तयार होते. त्यास प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ज्या मुलीच्या शरीरात हे द्रव्य अधिक तयार होते, तिच्या गर्भाशयाला कळा अधिक जोराने येतात. स्नायू घट्ट आवळले गेले की त्यांना होणारा रक्तपुरवठा घटतो आणि वेदना वाढते. हेच द्रव्य आतड्यांवरही परिणाम करते. म्हणून कित्येकींना त्या दिवसांत मळमळ, उलटी किंवा जुलाब होतात.

ही माहिती फार जुनी नाही. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारे द्रव्य असते, हे पिकल्स नावाच्या संशोधकाने १९५७ साली दाखविले. वेदनाशामक औषधे हे द्रव्य तयार होण्यासच अटकाव करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली सिद्ध केले. पुढे १९८२ साली या विषयातील कार्याबद्दल त्यांना अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी डॉक्टर मंडळीही "मुलगी नाजूक मनाची आहे", "लग्न झाले की थांबेल" असे सांगून मोकळी होत. आज तसे म्हणण्यास जागा उरलेली नाही. दुखणे मनाचे नव्हे, शरीराचे आहे. आणि त्याचे कारण कळले आहे, म्हणून उपायही आहे.

दोन प्रकार ओळखावे

पहिला प्रकार साधा. पाळी सुरू झाल्यापासून सहा महिने ते दोन वर्षांत तो दिसू लागतो. दुखणे रक्तस्राव सुरू होण्याच्या जरा आधी किंवा त्याच्याबरोबर येते, ओटीपोटात आणि कंबरेत असते, मांड्यांपर्यंत उतरते, आणि एक ते तीन दिवसांत ओसरते. यात गर्भाशयाला कोणताही रोग झालेला नसतो.

दुसऱ्या प्रकारात दुखण्यामागे काही विकार असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, बीजकोशांवर वा आतड्यांवर वाढणे, गर्भाशयात गाठी होणे, आतून जंतुसंसर्ग होणे, क्वचित क्षयरोग, अशी त्याची कारणे असतात. असे दुखणे पुष्कळदा पाळीच्या कित्येक दिवस आधीच सुरू होते, वर्षागणिक वाढत जाते, किंवा आजवर न दुखणाऱ्या बाईला पंचविशी-तिशीनंतर नव्याने सुरू होते. घरगुती उपायांवर ते सोपवून चालत नाही.

घरी काय करावे?

पहिला उपाय शेकाचा. आपल्या आज्या विटेचा तुकडा किंवा वाळूची पुरचुंडी तापवून फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर ठेवीत, ते अगदी योग्य होते. ऊब मिळाली की आवळलेले स्नायू सैल होतात. काही चाचण्यांत सतत दिलेली मंद ऊब गोळीच्या तोडीची ठरली आहे. रबरी पिशवी असल्यास उत्तम. नसल्यास गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली टॉवेलात गुंडाळून घ्यावी. शेक सोसेल एवढाच असावा, कातडी भाजू नये. कोमट पाण्याने आंघोळ केल्यासही बरे वाटते. पाळीत आंघोळ करू नये या समजुतीस काही आधार नाही.

दुसरा उपाय हालचालीचा. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढे चालावे, आणि महिनाभर आठवड्यातून तीन वेळा पाऊण तास वेगाने चालणे, दोरीवरच्या उड्या वा आसने असा व्यायाम ठेवावा. हा परिणाम एका महिन्यात दिसत नाही, दोन-तीन पाळ्यांनंतर दिसतो. अर्थात जी बाई दिवसभर शेतात राबते, तिला व्यायाम नको, विसावा हवा, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरे, सुंठेचा वा आल्याचा काढा. सुंठेने दुखणे कमी होते असे काही चाचण्यांत दिसून आले आहे. ओवा, बाळंतशेपा घेण्यासही हरकत नाही. मात्र दही-लोणचे वर्ज्य केल्याने दुखणे थांबते, यास प्रमाण नाही. मुलीला या दिवसांत उपाशी ठेवू नये. गरम भाकरी, वरण, पालेभाजी असे साधे, पोटभर अन्न द्यावे.

गोळीविषयी गैरसमज

"गोळीची सवय लागते", "पुढे मूल होत नाही" या भीतीने कित्येक आया मुलींना गोळी देत नाहीत. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या वेदनाशामक गोळीने असे काही होत नाही. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे दुखण्याच्या मुळाशी असलेले द्रव्यच कमी करतात. परंतु ती घेण्याची रीत महत्त्वाची आहे.

दुखणे असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेतली तर ती पुरेशी लागू पडत नाही, कारण तोवर ते द्रव्य तयार होऊन बसलेले असते. कळ येऊ लागताच, किंवा रक्तस्राव दिसताच पहिली गोळी घ्यावी आणि ठरावीक अंतराने पहिले दोन-तीन दिवस घेत राहावे. आयबुप्रोफेन बारा वर्षांवरील मुलीस सामान्यतः २०० ते ४०० मिलिग्रॅम, आठ तासांच्या अंतराने, दिवसातून तीन वेळांपेक्षा अधिक नाही, असे देतात. पोटात काही अन्न असल्याशिवाय घेऊ नये. दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या एकत्र करू नयेत. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार वा दमा असणाऱ्यांनी, गर्भाची शक्यता असणाऱ्यांनी आणि डेंग्यूसारखा ताप असताना ही औषधे घेऊ नयेत. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉलचा विचार डॉक्टरांना विचारून करावा. पहिल्यांदा गोळी सुरू करताना एकदा डॉक्टरांचा सल्ला घेणे सर्वांनाच हिताचे.

मेफेनॅमिक ॲसिडविषयी २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने सावधगिरीची सूचना दिली. क्वचित एखाद्या रुग्णास या औषधाची तीव्र प्रतिक्रिया येते. गोळी सुरू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गळ्यात वा काखेत गाठी असे दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

महालक्ष्म्या वा लग्नकार्याच्या वेळी पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतात ती गोळी अगदी वेगळी. ती दुखण्याची गोळी नव्हे, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणीही घेऊ नये.

रक्त कमी असेल तर

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. रक्तक्षयामुळे कळा येतात असे नाही. पण अशक्त शरीराला तेच दुखणे अधिक जड जाते, आणि स्राव अधिक असल्यास रक्त आणखी घटते. शाळेत व अंगणवाडीत मिळणारी लोहाची निळी गोळी यासाठीच आहे. ती फेकून देऊ नये. गोळीनंतर लगेच चहा घेतल्यास लोह अंगी कमी लागते. उलट संत्रे वा लिंबू घेतल्यास अधिक लागते. संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

सातपुड्याच्या व विदर्भाच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजारही आढळतो. असा आजार असलेल्या मुलीला पाळीच्या सुमारास हातापायांत, सांध्यांत तीव्र दुखण्याचा झटका येऊ शकतो. तिने भरपूर पाणी प्यावे, थंडी टाळावी आणि औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात ती करून घ्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास थांबू नये :

१. वर सांगितल्याप्रमाणे गोळी व शेक घेऊनही तीन पाळ्यांत गुण आला नाही.
२. रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालतो, किंवा तास-दोन तासांत घडी भिजते, मोठ्या गुठळ्या पडतात.
३. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसते.
४. ताप येतो, वास येणारा स्राव जातो.
५. शौचाच्या, लघवीच्या किंवा संबंधाच्या वेळी दुखते.
६. वयात आलेल्या मुलीचे दर महिन्याला पोट दुखते, पण पाळी मात्र येत नाही. आत मार्ग बंद असण्याचा संभव असतो.
७. पाळी चुकलेली असून एका बाजूस तीव्र कळ व चक्कर येते. हे प्राणावर बेतू शकते. त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

जाताना एक छोटी वही बरोबर न्यावी. पाळीची तारीख, किती दिवस चालली, कोणत्या दिवशी किती दुखले, कोणती गोळी घेतली, एवढ्या चार गोष्टी तीन महिने लिहून ठेवल्या तर डॉक्टरांचे अर्धे काम होते आणि लाजेने जे बोलता येत नाही ते वही बोलते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पुष्कळसे कळते. येथे सोय नसल्यास छिंदवाडा वा नागपूर दूर नाही.

पिशवी काढण्याची घाई नको

न बोलता सोसण्याचा शेवट कोठे होतो, हे बीड जिल्ह्याने दाखविले आहे. तेथील ऊसतोड कामगार बायांनी मोठ्या संख्येने गर्भाशये काढून घेतल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे नव्हे, आणि सर्वांचे कारण पोटदुखीच होती असेही नव्हे. परंतु कामाचा खाडा झाला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि अंगावर काढलेले दुखणे अशा कोंडीत "पिशवी काढली की कटकट गेली" हा सल्ला बायांना पटला. तरुण वयात गर्भाशय, आणि त्याबरोबर बीजकोश, काढल्यास हाडे लवकर ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली, आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले. तेव्हा केवळ पोटदुखीसाठी कोणी पिशवी काढावयास सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याखेरीज होकार देऊ नये. आधी गोळ्या, मग बीज तयार होणे थांबविणारी औषधे, असे कित्येक टप्पे त्याआधी आहेत.

घराचे कर्तव्य

मुलीला पाळी येण्याआधीच आईने तिला हे सारे सांगावे. आई नसेल तर आत्या, मावशी, वहिनी यांनी सांगावे. वडिलांनी व भावांनी या विषयाकडे पाठ फिरवू नये. गरम पाण्याची पिशवी भरून देण्यात किंवा औषधाच्या दुकानातून गोळी आणण्यात पुरुषाला कमीपणा नाही. सासूने सुनेला "आम्ही नाही का सोसले?" असे विचारण्याऐवजी "किती दुखते?" असे विचारावे. शेतमालकाने वेचणीच्या बायांसाठी आडोसा, पाणी आणि तासाभराचा विसावा ठेवावा. आपल्यासारख्या संस्थांना कन्याशाळेत एक खाट, शेकाची पिशवी आणि निर्जंतुक घड्यांचा डबा ठेवता येईल. त्याला खर्च थोडा आणि पुण्य मोठे.

सहनशीलता हा गुण खरा. पण ज्या दुखण्याला उपाय आहे ते मुकाट्याने सोसणे म्हणजे सहनशीलता नव्हे. वाचक भगिनींनी हा लेख वाचून बाजूला न ठेवता आपल्या मुलीजवळ बसून एकदा मोठ्याने वाचावा, एवढीच विनंती आहे.