मोकळे करणे

बंगळूरहून एखादा तरुण दीर्घ सेवेसाठी आफ्रिकेतील पीतज्वराच्या देशात निघाला, तर पासपोर्ट, व्हिसा आणि किमान १० दिवस आधी घेतलेली लस ही तयारी सर्वांना दिसते. घरी राहणाऱ्यांची तयारी मात्र दिसत नाही.

प्रेषितांची कृत्ये १३:१-४ वाचा. अंत्युखियाच्या मंडळीतील पाच शिक्षक-संदेष्ट्यांपैकी दोघे, बर्णबा व शौल, निघाले. तिसऱ्या वचनात मंडळीसंबंधीच्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘मोकळे करणे’ असा आहे. पाठविणारा पवित्र आत्मा, हे चौथे वचन सांगते.

म्हणून आईबापांनो, आजच मुलाशी बोला. आजीचे औषध कोण आणील? घराचे हप्ते कोण भरील? आपल्यापैकी कोणी अंथरुणाला खिळल्यास त्याने परतावे काय? उत्तरे ठरवा, प्रार्थना करा, मस्तकी हात ठेवा. मग त्याला खरोखर मोकळे करा.